न कळणारें बोलणें

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या माणसास एक विद्या न शिकतां येते. ती म्हणजे अर्धवट ऐकलेल्या बोलण्याचा अर्थ लावण्याची. माजघरांत चाललेलें बोलणें ओसरीवर पोंचेपर्यंत त्यांतलीं निम्मीं अक्षरें भिंतींत जिरून जातात, आणि उरलेल्या निम्म्यांवर ऐकणारा आपापल्या स्वभावानुसार मजले चढवितो. संशयी माणसास त्यांत आपली निंदा ऐकूं येते, खादाडास उद्यांच्या जेवणाचा बेत ऐकूं येतो, आणि कर्त्या पुरुषास नव्या खर्चाची चाहूल लागते. वास्तविक बोलणें न कळण्याचीं कारणें दोनच असतात. एक तर तें आपणांपर्यंत नीट पोंचलेलें नसतें, किंवा तें आपणांसाठीं बोललेलेंच नसतें. पहिल्या प्रसंगीं चार पावलें पुढें जाऊन पुन्हा विचारावें, आणि दुसऱ्या प्रसंगीं उठून अंगणांत जावें, इतका साधा हा व्यवहार आहे. परंतु कोणता प्रसंग कोणता, हें ओळखण्यांतच पुष्कळांची हयात जाते. आमच्या घरांत या प्रश्नाची चर्चा अलीकडे एका यंत्राच्या निमित्तानें झाली. ती वाचकांस सांगण्याजोगी वाटते, म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांनीं लातुरास अभियांत्रिकीचें शिक्षण पुरें केलें, आणि केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची हौशी वायरलेसची परीक्षा देऊन रीतसर परवाना मिळविला. अशा परवानाधारकांस जगभर ‘हॅम’ असें म्हणतात. हें नांव ऐकून घरांतील बायकांस प्रथम हंसूं आलें, पण माळवदावर अँटेनेची काठी उभी राहिली, देवघराशेजारच्या कोनाड्यांत डबीएवढीं दोन यंत्रें व एक संगणक येऊन बसला, तेव्हां हंसूं मावळून कुतूहल उरलें. त्या यंत्रांपैकीं एक बोलण्याचें; दुसरें नुसतें ऐकण्याचें. हें दुसरें यंत्र लहरींमागून लहरी आपोआप चाळीत जातें, आणि कोठें आवाज लागला कीं तेथें थबकतें. त्यास ‘स्कॅनर’ म्हणतात.

निलंगें गांवास रेडिओचें अप्रूप नवें नाहीं. आमच्या तीर्थरूपांच्या वेळीं हा मुलूख हैदराबाद संस्थानांतील बीदर जिल्ह्यांत मोडत असे. हैदराबादचें डेक्कन रेडिओ केंद्र पुढें १९५० सालीं आकाशवाणीकडे आलें, आणि १९५६ सालीं आमचा तालुका बीदरमधून निघून मराठवाड्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यास जोडला गेला; १९८२ पासून तो लातूर जिल्ह्यांत आहे. त्या जुन्या सेटांतून खरखर येई, शिट्या येत, मधूनच दूरदेशींचें गाणें बातम्यांवर चढून बसे. तरी ती खरखर भोळी होती. दूरचा माणूस हाका मारीत दूर दूर जावा, तसा आवाज हळूहळू क्षीण होई, आणि कान टंवकारले तर त्यांतलेहि दोन शब्द हातीं लागत. 

नव्या यंत्रांतील गोंधळाची जात निराळी आहे. एकतर आवाज शेजारच्या खोलींतून यावा इतका स्वच्छ येतो. नाहीं तर एकाएकीं कोणी तोंडांत पाणी घेऊन तांब्यांत बोलत आहे, असा बुडबुडाट होतो, आणि मग शांतता. पहिल्यानें तो बुडबुडाट घरांत घुमला तेव्हां प्रत्येकानें आपापला निर्णय देऊन टाकला. आमच्या वहिनी म्हणाल्या, “यंत्र बिघडलेलें दिसतंय, दुकानदाराला परत द्या.” आमचे वडील बंधु, ज्यांस घरांत सर्व अण्णा म्हणतात व ज्यांची हयात वकिलींत गेली, ते म्हणाले, “सरकारी गुप्त भाषा आहे ही. बंद कर तें.” आणि बालमंडळींनीं एकमतानें ठरविलें कीं, यंत्र ‘च’च्या भाषेंत बोलत आहे. 

चिरंजीवांचें उत्तर असें कीं, तिन्ही मतें खरीं असूं शकतात, आणि कोणतें खरें हें तपासल्याशिवाय सांगतां येत नाहीं. तें तपासण्याची रीत त्यानें आम्हांस ज्या क्रमानें समजावून दिली, त्याच क्रमानें ती येथें देतों; कारण यंत्राचा नाद असलेलीं मुलें आतां पुष्कळ घरांत आहेत, आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांस हा बुडबुडाट केव्हां ना केव्हां ऐकावा लागणारच आहे.

आधीं हें समजलें पाहिजे कीं, नवें वायरलेस यंत्र आपला आवाज पाठवीत नाहीं. आवाजाचें वर्णन पाठवितें. आज प्रचारांत असलेल्या डी. एम. आर. नांवाच्या पद्धतींत बोलणाराच्या आवाजाचे दर सेकंदास ५० तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यांत स्वर किती उंच, नाद किती, फुंकर किती, एवढें मोजून तें ४९ खुणांत, म्हणजे शून्य व एक या आंकड्यांत, लिहितात. पलीकडचें यंत्र त्या वर्णनावरून नवा आवाज घडवितें. संस्कृताचे शिक्षक म्हणून आमची हयात गेली असल्यामुळें आम्हांस हें एखाद्या दूतासारखें वाटलें. दूत राजाचा कंठ घेऊन जात नाहीं, निरोप घेऊन जातो. आणि निरोपांतलीं चार पदें वाटेंत गळालीं, तर दूत जें बोलेल तें राजाचेंहि नसतें आणि कोणाचेंच नसतें. बुडबुडाट होतो तो असा. यंत्राच्या हातीं चुकीच्या खुणा पडतात, आणि तें इमानेंइतबारें चुकीच्या वर्णनाबरहुकूम आवाज घडवीत बसतें.

खुणा गळूं नयेत म्हणून त्या ४९ खुणांबरोबर आणखी २३ राखणदार खुणा जातात. १९४९ सालीं मार्सेल गोले यांनीं शोधलेल्या युक्तीचा येथें उपयोग होतो. तींत १२ खुणांबरोबर ११ राखणदार असे पाठवितात कीं, तेविसांपैकीं कोणत्याहि तीन बिघडल्या तरी मूळ बाराहि बिनचूक परत मिळावयाच्या. आम्हीं हें ऐकतांच चिरंजीवांस म्हटलें कीं, आमच्या वैदिकांनीं तरी दुसरें काय केलें? संहितापाठावर न थांबतां पदपाठ, क्रमपाठ, जटा आणि घन असे पाठ त्यांनीं रचले. तींच पदें पुढून, मागून, उलटसुलट म्हणण्याचा हा खटाटोप एवढ्याचसाठीं कीं, एखाद्या पिढींत एक स्वर हलला, तर शेजारच्या पदानें त्याची चोरी उघडी करावी. चिरंजीव म्हणाला, “काका, अगदी तसेंच. पण घनपाठीसुद्धां किती चुका निस्तरणार? तीनांच्या जागीं चार झाल्या कीं संपलें.” नव्या यंत्रांतला आवाज क्षीण न होतां एकाएकीं कड्यावरून कोसळतो, याचें कारण तें हें. राखणदार शेवटपर्यंत लढतात, आणि पडले म्हणजे सगळे एकदम पडतात.

आतां परीक्षा. पहिली परीक्षा भाषेची. डी. एम. आर., टेट्रा, प्रोजेक्ट २५, डी-स्टार अशा वायरलेसच्या अनेक पद्धति आहेत, आणि एकीचें यंत्र दुसरीस समजत नाहीं. आजोबांचीं मोडी कागदपत्रें नातवाच्या हातीं दिलीं, तर तो त्यांस वेलबुट्टी समजेल. कागद मात्र निर्दोष असतो. आकाशवाणीनेंहि मध्यमलहरींवर डी. आर. एम. ही नवी पद्धति आणली आहे. तें प्रक्षेपण जुन्या सेटावर ओढ्याच्या पाण्यासारखें नुसतें सळसळतें, त्यांत सेटाचा दोष कांहींच नसतो. म्हणून प्रथम पद्धति ओळखावी.

दुसरी परीक्षा जागेची. स्वस्तांतले ग्राहक मूळ दूरचित्रवाणीसाठीं केलेले असतात, आणि त्यांतला कांटा दहा लाखांत ५० भागांपर्यंत सरकलेला असूं शकतो. ही चूक ऐकण्यास क्षुल्लक वाटते. परंतु ४३५ मेगाहर्ट्झवर ती सुमारें २२ किलोहर्ट्झ होते, आणि डी. एम. आर.चा एक मार्ग अवघा साडेबारा किलोहर्ट्झ रुंद असतो. म्हणजे आपण एका घराचें दार ठोठावीत आहों असें समजून दुसऱ्याच घराच्या ओट्यावर उभे असतों. आमच्याकडील वैशाखांत यंत्र तापलें म्हणजे हा कांटा आणखी सरकतो. त्यास अर्धा तास चालूं ठेवून मग जुळवून घ्यावा लागतो.

तिसरी परीक्षा बळाची. आवाज दुबळा असेल तर अँटेना उंच न्यावी, तिची तार आंखूड व चांगली वापरावी, हें कोणीहि सांगेल. परंतु आवाज फार सबळ असला तरीहि बुडबुडाट होतो, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. जवळच्या मनोऱ्याचा जोर यंत्राच्या कानठळ्या बसवितो. अशा वेळीं यंत्राचें बळ कमी केलें कीं बोलणें स्वच्छ होतें. बहिऱ्यापुढें जास्त ओरडल्यानें त्यास अधिक ऐकूं येतें असें नाहीं, हा अनुभव घरोघरीं असतोच.

चौथी परीक्षा प्रतिध्वनीची. एकच बोलणें दोन वाटांनीं येऊन पोंचतें, एक थेट व दुसरें कशावर तरी आपटून. दोहोंच्या वेळेंत अंतर पडलें कीं खुणा एकमेकींवर चढतात. अमेरिकेंत अनेक मनोऱ्यांवरून एकाच लहरीवर एकदम बोलण्याची पद्धत आहे, आणि तेथील श्रोत्यांची मुख्य तक्रार हीच असते. प्रोजेक्ट २५ पद्धतींत सेकंदास ४८०० ठोके पडतात. दोन ठोक्यांमधल्या वेळांत लहर सुमारें ६२ किलोमीटर जाते. म्हणून दोन मनोऱ्यांच्या अंतरांत दहापंधरा किलोमीटरांचा फरक असला, कीं ठोका चुकूं लागतो. उपाय असा कीं, एकाच दिशेस कान देणारी अँटेना लावून एकाच मनोऱ्याकडे तोंड करावें. आमच्याकडे मनोरे थोडे, पण पत्रे पुष्कळ. १९९३ च्या भूकंपानंतर दगडामातीच्या माळवदाची धास्ती घेऊन लोकांनीं पत्र्यांचा आश्रय केला, आणि पत्रा लहरीस आरशासारखा परतवितो. चिरंजीवानें अँटेनेची काठी पत्र्याच्या पडवीपासून हलवून वाड्याच्या दुसऱ्या टोंकास नेली, तेव्हां औशाकडून येणारें एका हौशी मित्राचें बोलणें, जें महिनाभर तांब्यांतून येत होतें, तें माणसाच्या तोंडून येऊं लागलें. 

पांचवी परीक्षा घरांतल्या घरांत. भारनियमनाच्या वेळीं इन्व्हर्टर सुरू झाला कीं बुडबुडाट वाढतो, असें आमच्या सुनेनें हेरलें. विजेचे नवे दिवे व त्यांचे डबे हेहि लहरींत कचरा टाकतात. सगळे एकेक बंद करून पाहावे. चोर बहुधा घरांतलाच निघतो. याच परीक्षेंत संगणकाची जोडणीहि पाहावी. उलगडा करणाऱ्या संगणकास यंत्राच्या कर्ण्यांतला आवाज देऊन चालत नाहीं, कारण तो माणसाच्या कानासाठीं गाळलेला असतो. गाळणीपूर्वीचा कच्चा प्रवाह द्यावा लागतो.

सहावी परीक्षा पाळीची व ओळखीची. डी. एम. आर.मध्यें एकाच लहरीवर दोन संभाषणें पाळीपाळीनें, प्रत्येकीं ३० सहस्रांश सेकंद, चालतात. शिवाय प्रत्येक केंद्रास शून्यापासून पंधरापर्यंतचा एक ओळखीचा आंकडा असतो. पाळी किंवा आंकडा चुकला कीं यंत्र मुकें राहतें.

या सहा परीक्षा संपल्यावर जो बुडबुडाट उरतो, त्याचेंच कारण कुलूप असूं शकतें. कुलूप ओळखण्याची खूण चिरंजीवानें एका वाक्यांत सांगितली, आणि आमच्या मतें सगळ्या विद्येचें सार त्यांत आहे. अँटेना हलविल्यानें, बळ कमीजास्त केल्यानें, दिवे बंद केल्यानें बोलणें जर थोडें तरी सुधारत वा बिघडत असेल, तर तो वाटेंतला बिघाड समजावा. खुणा बिनचूक येत आहेत, राखणदारांस कामच पडलेलें नाहीं, लहर सबळ आहे, आणि तरी कांहीं केल्या अर्थ लागत नाहीं, तर समजावें कीं पलीकडच्यानें आंतून कडी घातली आहे. बहुतेक यंत्रांच्या पाटीवर तशी खूणहि उमटते.

कडी घालून बोलण्याची कला मराठी माणसास परकी नाहीं. ‘पाणी दे’ याचें ‘चाणी प चे द’ करणारीं पोरें कुलपाचा पहिला धडा अंगणांत गिरवितात. करपल्लवींत अक्षराचा वर्ग हाताच्या आकृतीनें, वर्गांतलें अक्षर बोटांच्या संख्येनें आणि मात्रा चुटकीनें दाखवीत. महानुभावांनीं तर आपले ग्रंथ सकळ लिपींत लिहून कित्येक शतकें परक्यांच्या दृष्टीआड ठेविले. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं ती लिपि उकलली, आणि जुन्या मराठी गद्याचें मोठें दालन अभ्यासकांस खुलें झालें. आजच्या यंत्रांत कुलपें लहानमोठीं असतात. ए. ई. एस. नांवाच्या उत्तम कुलपाच्या संभाव्य किल्ल्यांची संख्या लिहूं लागल्यास ७८ आंकडे मांडावे लागतात. त्या एकेक लावून पाहण्यास विश्वाचें वय पुरणार नाहीं. उलट टेट्रा पद्धतींतील टी. ई. ए. १ नांवाच्या कुलपाची किल्ली सांगण्यास ८० खुणांची, परंतु प्रत्यक्षांत ३२ खुणांचीच भरते, असें हॉलंडच्या संशोधकांनीं २०२३ सालीं उघडकीस आणलें. ३२ खुणांच्या किल्ल्या सुमारें ४२९ कोटी होतात. माणसास हा आंकडा मोठा, संगणकास किरकोळ. आणि डी. एम. आर.मधील एका प्रचलित साध्या कुलपास तर अवघ्या २५५ किल्ल्या. तुळशीबागेंत मिळणाऱ्या कुलपाची योग्यता याहून फार कमी नसावी!

या २५५ किल्ल्यांनींच आमच्या घरांत वाद उभा केला. गेल्या मार्गशीर्षांत एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर चिरंजीव हौशी लहरींची सीमा तपाशीत असतां यंत्र सीमेपलीकडे एका जागीं थबकलें. बोलणें जोरदार होतें व पुनःपुन्हा येत होतें. सहाहि परीक्षा झाल्या; खुणा स्वच्छ; पाटीवर कुलपाची खूण. कोणाचें बोलणें, तें कळावयास मार्ग नव्हता. पुण्याच्या एका मित्राकडून चिरंजीवास असें समजलें होतें कीं, हें साधें कुलूप संगणकास चुटकीसरशी उघडतां येतें. मुलें त्याच्याभोंवतीं कोंडाळें करून बसलीं. “दादा, उघड ना! चोर असतील तर?” हा प्रश्न इतक्या निरागसपणें आला कीं, उघडण्यास तें पुरेसें कारण आहे असें क्षणभर सर्वांसच वाटलें.

अण्णांनीं चष्मा पुसला आणि कायदा सांगितला. वायरलेस यंत्र परवान्यावांचून बाळगण्यास १९३३ च्या कायद्यानें बंदी केली. त्या जुन्या व्यवस्थेच्या जागीं आतां २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांचें सतरावें कलम तर असें कीं, जें बोलणें सर्व जनतेसाठीं नाहीं, तें परवानगीवांचून पकडूं नये व त्यांतला मजकूर दुसऱ्यास सांगूं नये, अशी तजवीज प्रत्येक राष्ट्रानें करावी. “तुझा परवाना हौशी लहरींचा,” अण्णा म्हणाले, “दुसऱ्याच्या कुलपास हात लावलास, तर परवाना जाईल, यंत्र जाईल, आणि ह्या घराचें नांव ज्या कागदावर जाईल तो कागद मला या वयांत वाचायची इच्छा नाहीं.”

चिरंजीव उर्मट नाहीं, पण विचार करणारा आहे. तो म्हणाला, “अण्णा, कायदा कबूल. पण कुलपाचा प्रश्न एवढ्यानें सुटत नाहीं. अमेरिकेंत वर्तमानपत्रवाले वर्षानुवर्षें पोलिसांचें वायरलेस ऐकत. शिकागोनें २०२२ च्या सुमारास त्यास कुलूप घातलें आणि लोकांसाठीं अर्ध्या तासाच्या विलंबानें ऐकण्याची सोय ठेवली. न्यूयॉर्कनें २०२३ पासून कुलूप घालायला सुरुवात केली, तेव्हां पत्रकारांनीं ओरड केली. जो अंमल आपल्यावर चालतो, तो काय बोलतो हें लोकांस कळूं नये काय?” त्यावर अण्णांनीं विचारलें कीं, ज्या स्त्रीनें पोलिसांत आपली तक्रार दिली, किंवा रुग्णवाहिकेंत जो रोगी पडला आहे, त्याचें नांव व घर तालुक्याच्या प्रत्येक ओसरीवर ऐकूं जावें काय? चिरंजीव गप्प राहिला. तरी त्याचें समाधान झालें नाहीं, हें दिसत होतें. आम्हांसहि दोन्ही बाजूंस वजन आहे असें वाटलें, आणि अजून वाटतें.

वादाचा ओघ वळविला तो आमच्या वहिनींनीं. त्या इतका वेळ वाती वळीत बसल्या होत्या. त्यांचें माहेर औसा तालुक्यांतलें. १९९३ सालीं ३० सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं धरणी हलली. औसा, निलंगा व उमरगा या तालुक्यांतील गांवेंच्या गांवें दगडामातीखालीं गेलीं, आणि सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. वहिनींस माहेरची बातमी दोन दिवस कळली नाहीं. त्या दोन दिवसांविषयीं त्या सहसा बोलत नाहींत. त्या रात्रीं मात्र म्हणाल्या:

“मला यंत्रांतलं कळत नाहीं. पण त्या वेळीं निरोप येत होते. रस्त्यावर जीपगाड्या थांबत, पोलिसांचं वायरलेस खरखरत असे, आणि लोक कान लावून उभे असत. गांवाचं नांव अर्धंच ऐकूं येई. एकजण म्हणे अमकं गांव सलामत आहे, दुसरा म्हणे तें नव्हे, त्या नांवाचं दुसरं. मी दोन दिवसांत माझ्या भावाला चार वेळां मारलं आणि चार वेळां जिवंत केलं. कोणीं कुलूप घातलेलं नव्हतं रे त्याला. सगळं उघडं होतं, आणि तरी एक अक्षर धड पोंचलं नाहीं. तुला लोकांच्या कड्या काढायला वेळ आहे, तर तो उघड्या दारांतलं नीट ऐकायला दे.”

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग चिरंजीवानें यंत्राचा कांटा त्या जागेवरून हलविला, आणि संगणक मिटला. मुलेंहि निमूटपणें निजावयास गेलीं.

त्यानंतर चिरंजीवानें जें केलें, तें आम्हांस २५५ किल्ल्या लावण्याहून अवघड वाटतें. १९९३ सालीं हौशी वायरलेसवाले कांहीं लोक आपापले सेट घेऊन या भागांत धांवून आले होते, ही माहिती त्यास होती. परंतु ती त्यानें आतां निराळ्या दृष्टीनें पाहिली. हौशी लोकांस गुप्त भाषेंत बोलण्याची मुभा नाहीं. परस्परांच्या देशांशीं बोलतांना अर्थ लपविणारी परिभाषा वापरूं नये, असा त्यांचा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. संकटाच्या वेळीं ह्या उघडेपणाचें मोल कळतें. कुलपें घातलेल्या दोन पथकांच्या किल्ल्या जुळल्या नाहींत, तर मित्रासहि मित्राचें बोलणें बुडबुडाट होऊन ऐकूं येतें. हौशी माणसाचें बोलणें मात्र ज्यास कान आहे त्यास कळतें, अट एवढीच कीं तें धड पोंचावें.

तें धड पोंचावें म्हणून त्यानें दर रविवारीं सकाळीं औसा, उदगीर व लातूर येथील आपल्या तीन मित्रांशीं गांवांच्या नांवांचा सराव सुरू केला आहे. एकानें यादींतलीं नांवें पाठवावीं, दुसऱ्यानें ऐकलेलें लिहून घ्यावें, आणि मग ताडून पाहावें. पहिल्या रविवारींच एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत आली. आमच्या तालुक्यांत औराद शहाजानी आहे, आणि सीमेपलीकडे कर्नाटकांत, बीदर जिल्ह्यांत, नुसतें औराद आहे. ‘शहाजानी’ हा शब्द वाटेंत गळाला, तर मदतीची गाडी परराज्यांत जावयाची! यंत्राचे राखणदार खुणा सांभाळतात, पण असें संकट त्यांस दिसत नाहीं. तेथें माणसानेंच घनपाठ केला पाहिजे. म्हणून आमच्या ओसरीवर मुलांच्या साह्यानें एक यादी तयार झाली आहे. इंग्रजी मुळाक्षरांस जगभर ठराविक शब्द आहेत. तसे मराठी अक्षरांसाठीं मुलांनीं आपले शब्द निवडले. ‘क’ कमळाचा, ‘ल’ लसणाचा, ‘म’ मक्याचा. ‘श’ शहामृगाचा कीं शेवग्याचा, यावर दोन दिवस भांडण होऊन अखेर शेवगा निवडून आला, कारण शहामृग कोणीं पाहिलेला नव्हता.

कासार शिरसी, मदनसुरी, अंबुलगा, किल्लारी, अशीं नांवें आतां रविवारीं सकाळीं आमच्या घरांत अक्षरशः म्हटलीं जातात. वहिनी स्वयंपाकघरांतून ऐकत असतात. एखादें नांव बुडबुडाटांत गेलें, कीं चिरंजीवाच्या आधीं त्याच म्हणतात, “पुन्हा विचार त्याला.” तो विचारतो, पलीकडचा सांगतो, आणि वहिनींस तें दाराआडून स्पष्ट ऐकूं आलें म्हणजेच यादींत त्या नांवापुढें खूण होते. ही परीक्षा यंत्राच्या पुस्तकांत नाहीं. सहा परीक्षांचा कागद चिरंजीवानें कोनाड्यांत चिकटविला आहे, त्याखालीं ही सातवी त्यानें आपल्या हातानें लिहिली आहे.